विश्लेषण : मे महिन्यातील पाऊस, परतीचे पक्षी आणि सलीम अली, बिघडलेल्या हवेतील नोंदी का महत्त्वाच्या?

नैर्ऋत्य मोसमी पाऊस २०२५ मध्ये २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे पाऊस तब्बल १६ दिवस आधी आला. कुलाबा येथे मे महिन्यातील पावसाचा १९१८ पासूनचा विक्रमही त्या वर्षी मोडला. त्याच्या आदल्या वर्षी, १३ मे २०२४ रोजी, धुळीच्या वादळाने मुंबई महानगराला झोडपले होते. अशा हवेचा फटका कोणाकोणाला बसतो याची यादी होते, तेव्हा एक गट सहसा राहून जातो. तो म्हणजे परतीच्या वाटेवरील पक्षी आणि त्यांच्या नोंदी ठेवणारे निरीक्षक.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात पक्षी पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. पण ऐन स्थलांतराच्या दिवसांत आभाळ भरून आले, की रविवारची फेरी रद्द करायची की छत्री घेऊन निघायचे, हा प्रश्न उभा राहतो. पावसात पक्षी कमी दिसतात, दुर्बिणीची काच धुकटते, कॅमेरा बाहेर काढता येत नाही. मग त्या नोंदीचा उपयोग काय?

भारतातील आधुनिक पक्षीअभ्यासाचा पाया घालणारे डॉ. सलीम अली (१८९६ ते १९८७) यांचे आयुष्य या प्रश्नाचे बऱ्यापैकी सरळ उत्तर देते. त्यांचे पहिले गाजलेले संशोधन पावसाळ्यातील आहे. ते नोकरी गेलेली असताना आणि कोकणातल्याच एका गावात झाले.

परतीचे स्थलांतर म्हणजे काय? हवा बिघडली की काय होते?

मध्य आशिया, सायबेरिया आणि हिमालयापलीकडून हिवाळ्यासाठी आलेले पक्षी फेब्रुवारीअखेरपासून परतू लागतात. मार्च, एप्रिल आणि मेची सुरुवात हा या प्रवासाचा मुख्य काळ. उल्हास नदीचा काठ, बारवी धरणाचा परिसर, अंबरनाथचे चिखलोली धरण, काकोळ्याचा तलाव, आसपासची भातखाचरे येथे हिवाळाभर दिसणारे धोबी, तुतवार, गप्पीदास, भोरड्या, दलदली भोवत्या या काळात एकेक करून दिसेनासे होतात.

त्याच सुमारास उलटी आवकही सुरू होते. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढलेला नवरंग उत्तरेकडे सरकतो आणि पावसाच्या तोंडावर आपल्याकडील जंगलांत शीळ घालू लागतो. चातक मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने आफ्रिकेतून येतो. तिबोटी खंड्याही पहिल्या पावसात कोकणातल्या ओढ्यांकाठी घरटे करायला पोहोचतो. म्हणजे एप्रिल ते जून या काळात जाणारे आणि येणारे असे दोन्ही प्रवासी एकाच आभाळाखाली असतात.

लांबच्या प्रवासाआधी पक्षी अंगावर चरबी साठवतात. ती त्यांची शिदोरी. अनुकूल वारा मिळाला की ते कमी खर्चात जास्त अंतर कापतात. समोरून वारा आला, पाऊस लागला किंवा धूळ उडाली, तर शिदोरी लवकर संपते आणि मिळेल तेथे उतरावे लागते. एखाद्या तलावाकाठी किंवा सोसायटीच्या आवारातील झाडावर एरवी न दिसणारा पक्षी वादळानंतर अचानक दिसतो, त्यामागे अनेकदा हे कारण असते. उलट काही वेळा हवा इतकी प्रतिकूल असते की पक्षी निघतच नाहीत आणि नेहमीच्या तारखेनंतरही मुक्काम लांबवतात. या दोन्ही गोष्टी कळण्यासाठी एकच अट आहे. त्या दिवशी कोणीतरी तिथे जाऊन पाहिलेले असले पाहिजे.

सलीम अली पक्ष्यांकडे कसे वळले?

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतील घरात या भावंडांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता आणि भाच्याच्या हाती लहानपणीच छऱ्याची बंदूक आली.

या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती रानचिमणी ओळखलीच, शिवाय सोसायटीच्या कपाटांतील भुसा भरलेले पक्षी एकेक खण उघडून दाखवले. मिलार्ड यांनी पुढे त्यांना पक्ष्यांची पुस्तके दिली आणि नमुने टिकवण्याचे तंत्र शिकण्याची सोय करून दिली. अली यांनी उतारवयात, १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राचे नावच ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ आहे.

यानंतरची वाट मात्र सरळ नव्हती. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट राहिले आणि ते कुटुंबाच्या खाणकाम व लाकडाच्या व्यवसायात मदतीसाठी ब्रह्मदेशातील तावॉय येथे गेले. धंद्यापेक्षा तेथील जंगलांतच ते रमले. १९१७ मध्ये मुंबईत परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षणाबरोबर प्राणिशास्त्राचेही धडे घेतले. झेवियर्सचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांची खरी आवड ओळखली होती. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील पक्षीतज्ज्ञाच्या पदाने त्यांना हुलकावणी दिली. विद्यापीठाची पदवी नसणे आड आले. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून ३५० रुपये पगारावर नोकरी मिळाली. दोनच वर्षांत त्यांनी शिक्षणासाठी रजा घेतली आणि ते बर्लिनला गेले.

बर्लिनमध्ये ते काय शिकले?

बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे त्या काळचे आघाडीचे पक्षीशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्या हाताखाली अली यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे नमुन्यांची शास्त्रीय तपासणी. दुसरी, पक्षी जिवंत असताना त्याच्या वागण्याचा अभ्यास करण्याची दृष्टी. तोवर भारतातील बहुतेक पक्षीअभ्यास म्हणजे पक्षी मारणे, कातडी भरणे आणि नाव देणे एवढाच होता.

याच काळात उत्तर समुद्रातील हेलिगोलँड या बेटावरील केंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा अनुभव घेतला. सभोवती समुद्र असलेल्या या छोट्या बेटावर स्थलांतराच्या दिवसांत थकलेले पक्षी उतरतात आणि त्यांचे प्रमाण हवेवर अवलंबून असते. कडीवर क्रमांक असतो. तो पक्षी पुन्हा कुठे सापडला, तर त्याचा प्रवास कळतो. जवळपास तीस वर्षांनी हाच अनुभव भारतात कामी आला.

नोकरी गेली, पावसाळा आला : किहीममध्ये काय घडले?

१९३० मध्ये अली भारतात परतले तेव्हा संग्रहालयातील त्यांचे पद निधीअभावी रद्द झाले होते. वय ३३, हातात जर्मनीतील प्रशिक्षण आणि नोकरी नाही. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी तेहमिना यांच्या कुटुंबाच्या घरी राहायला गेले.

घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सुगरण पावसाळ्यात घरटी बांधते, कारण तेव्हाच विणकामाला लागणारे हिरवे गवत आणि पिल्लांना भरवण्याइतके किडे मिळतात. कोकणातील पावसाळा म्हणजे पक्षीनिरीक्षणाला सर्वांत गैरसोयीचा काळ. पण अली यांच्याकडे त्या वर्षी वेळच वेळ होता. झाडाजवळ आडोसा करून ते रोज पक्ष्यांवर नजर ठेवू लागले.

त्यातून जे निघाले ते नवे होते. सुगरणीचा नर एकट्याने घरटे विणतो. अर्धे झाले की मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तर त्यात मुक्काम करते आणि नर उरलेले काम पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एकाच हंगामात एकामागून एक असे अनेक संसार! एखादे घरटे अर्धवट का सोडले जाते, याचाही उलगडा झाला. मादीने ते नाकारलेले असते.

हा अभ्यास १९३१ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि अली यांचे नाव जगभरातील पक्षीशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले. कोणता पक्षी कोणत्या घरट्यात कधी गेला, याची रोजची नोंद हाच त्याचा आधार होता. पाऊस जास्त आहे म्हणून मधले दिवस सोडले असते, तर हा क्रम जुळला नसता.

पगाराशिवाय सर्वेक्षणे कशी केली?

देशातील अनेक संस्थानांतील पक्ष्यांची तेव्हा नीट यादीही नव्हती. अली यांनी एक प्रस्ताव मांडला. संस्थानाने प्रवास आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण मानधन घेणार नाही. या अटीवर १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण झाले. पुढे त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, बहावलपूर, कच्छ, गुजरात अशी यादी वाढत गेली. बैलगाडी, उंट, रेल्वे, पायी, मिळेल त्या मार्गाने प्रवास. तेहमिना सुरुवातीच्या मोहिमांत सोबत होत्या आणि छावणीची व्यवस्था सांभाळत होत्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यानंतर अली बहिणीच्या कुटुंबात राहिले आणि कामातच बुडाले.

या सर्वेक्षणांत बंदूक होती, हे लपवण्यासारखे नाही. जाती पक्की करण्यासाठी पक्षी मारणे ही त्या काळची मान्य पद्धत होती आणि अली यांनीही ती वापरली. आज ती गरज दुर्बीण, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाने बरीचशी भागते. नमुन्याला तारीख आणि ठिकाणाची चिठ्ठी बांधण्याची शिस्त मात्र आजही तितकीच लागू आहे. चिठ्ठी नसलेला पक्षी संग्रहालयात शोभेचा ठरतो, अभ्यासाचा नाही.

१९३० च्या दशकात त्यांनी हुमायून अब्दुलअली यांच्यासोबत मुंबई आणि साष्टी बेटावरील पक्ष्यांची लेखमाला बीएनएचएसच्या जर्नलसाठी लिहिली. शीर्षकाप्रमाणे ती मुंबई आणि साष्टीची होती. खाडीपलीकडचा कल्याण, अंबरनाथ, बदलापूरचा पट्टा शीर्षकात नव्हता. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे सचित्र पुस्तक आले आणि पक्षी ओळखण्याचा छंद सामान्य वाचकांच्या घरात शिरला.

पाण्याची पातळी आणि पक्ष्यांचे वेळापत्रक यांचा संबंध काय?

१९४५ मध्ये अली कच्छच्या मोठ्या रणातील रोहित पक्ष्यांच्या वसाहतीपर्यंत पोहोचले. लाखोंच्या संख्येने रोहित तेथे चिखलाची घरटी करतात. पण दरवर्षी नाही. रणात पावसाचे पाणी पुरेसे साचले आणि योग्य पातळीला राहिले तरच वीण होते. कोरड्या वर्षी पक्षी घरटी करत नाहीत, पाणी फार झाले तर घरटी बुडतात. त्याच वर्षी ते हिमालय ओलांडून तिबेटमधील मानसरोवर आणि कैलास परिसरातही गेले. हिवाळ्यात भारतात दिसणारे काही पक्षी उन्हाळ्यात तेथे वीण करतात. एका टोकाला पाहिलेल्या पक्ष्याचे दुसरे टोक पाहण्याचाच हा प्रवास होता.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेवचेही असेच. तेथील करकोचे, बगळे आणि पाणकावळे पावसाच्या पाण्यावर वीण करतात. युरोपात वसंत म्हणजे वाढते तापमान आणि लांबणारा दिवस. भारतात अनेक पक्ष्यांचे वेळापत्रक पावसाशी बांधलेले आहे. म्हणूनच पाऊस १६ दिवस आधी येणे ही पक्ष्यांच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही.

पक्ष्यांच्या कड्यांवरून वाद का झाला?

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. गोचिडींमधून पसरणारा हा माकडताप. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण आढळले, त्यामुळे हे नाव महाराष्ट्राला परके नाही. या विषाणूचे रशियातील एका विषाणूशी साम्य होते. मग शंका आली, की स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला असेल का?

या प्रश्नामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसचा पक्षी स्थलांतर प्रकल्प उभा राहिला. १९५९ मध्ये स्विस पक्षीतज्ज्ञ आल्फ्रेड शिफर्ली यांचे साहाय्य मिळाले आणि हेलिगोलँडवर पाहिलेले तंत्र भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात आले. जाळ्यात पक्षी पकडायचा, मोजमाप घ्यायचे, पायात कडी घालायची, सोडून द्यायचे. कडीवर क्रमांक आणि मुंबईतील सोसायटीला कळवण्याची सूचना. भरतपूरमध्ये कडी घातलेली बदके सोव्हिएत संघात सापडू लागली आणि नकाशावरील अंदाजाच्या रेषांना पुरावा मिळाला.

पुढे प्रकल्पात अमेरिकेशी संबंधित निधी आला तेव्हा वाद पेटला. पक्ष्यांमार्फत रोग पसरवण्याच्या लष्करी संशोधनाला हा प्रकल्प मदत करतो, असा संशय वृत्तपत्रांतून व्यक्त झाला. शीतयुद्धाचे दिवस होते. अली यांनी आरोप फेटाळले, पण संशयाचे सावट काही काळ राहिले. माकडताप स्थलांतरित पक्ष्यांनी आणला, हे मात्र सिद्ध झाले नाही. ज्या कारणासाठी पैसा आला ते कारण मागे पडले आणि कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी तेवढ्या कायमच्या उरल्या.

सलीम अलीही चुकले का?

हो, आणि ती चूक नोंदींमुळेच लक्षात आली. केवलादेवमध्ये गुरे चरण्यावर बंदी आणावी, या मताचे अली होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी आली. स्थानिक गावकरी आणि प्रशासन यांच्यात संघर्ष झाला, त्यात गावकऱ्यांचे जीव गेले. नंतर बीएनएचएसच्याच अनेक वर्षांच्या अभ्यासातून वेगळे चित्र समोर आले. म्हशी पाण्यातील गवत खात होत्या, म्हणून तळी मोकळी राहत होती. चराई थांबल्यावर गवत माजले आणि अनेक पाणपक्ष्यांना जागा उरली नाही.

भारतातील सर्वांत मोठ्या पक्षीतज्ज्ञाचे मतही वर्षानुवर्षांच्या साध्या नोंदींपुढे टिकले नाही. त्या नोंदी त्यांच्याच संस्थेने ठेवल्या होत्या, हे विशेष.

एस. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारत आणि पाकिस्तानमधील पक्ष्यांचा दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व त्यांना मिळाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ९० होते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याची सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या आणि शेवट सलीम अली यांच्या जन्मदिनी होतो.

उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्याला याचा उपयोग काय?

दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला औद्योगिक वसाहत आली, बदलापूरच्या भातखाचरांत इमारती उभ्या राहिल्या, वालधुनी नदीचे रूपांतर सांडपाण्याच्या प्रवाहात झाले. या बदलाआधी येथे कोणते पक्षी कोणत्या तारखेला येत आणि जात होते, याची सलग नोंद हाताशी असती तर आज तुलना सोपी झाली असती.

पुढच्या पन्नास वर्षांसाठी ती नोंद आता करता येते. पूर्वी वहीत लिहिले जायचे ते आज ‘ईबर्ड’सारख्या अॅपवर भरले जाते. तारीख, ठिकाण, किती वेळ, किती अंतर, कोणत्या जाती, किती पक्षी. शेऱ्यात हवामानही लिहिता येते. मे महिन्यात दुसऱ्या शनिवारच्या सुमारास जगभर ‘ग्लोबल बिग डे’ होतो. कोकणात नेमका हाच वळवाच्या पावसाचा काळ.

येथे एक तांत्रिक मुद्दा आहे. निरीक्षक फक्त स्वच्छ उन्हाच्या दिवशी बाहेर पडले, तर जमा होणारी माहिती एकतर्फी होते. एखाद्या वर्षी मेमध्ये सतत पाऊस पडला आणि कोणीच गेले नाही, तर भोरड्या लवकर गेल्या की त्यांना कोणी पाहिलेच नाही, हे नंतर सांगता येत नाही. नोंद नसणे आणि पक्षी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसात दीड तास थांबून सातच जाती दिसल्या, ही नोंद कमी वाटते. पण ती खरी माहिती आहे. रिकामा रकाना ही माहिती नव्हे.

बिघडलेल्या हवेत बाहेर पडताना काय काळजी घ्यावी?

पहिली काळजी स्वतःची. विजा कडाडत असताना माळरान, धरणाची भिंत आणि एकटे झाड टाळावे. वादळी वाऱ्यात फांद्या आणि फलकांखाली थांबू नये. उल्हास नदीचे पाणी किती वेगाने चढते, हे जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीदरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने दाखवून दिले आहे. हवामान विभागाचा इशारा असेल तर फेरी पुढे ढकलणेच योग्य. घराच्या खिडकीतून किंवा गच्चीच्या आडोशातून केलेली नोंदही ग्राह्य असते.

दुसरी काळजी पक्ष्यांची. वादळाने खाली उतरलेला पक्षी दमलेला आणि भुकेला असतो. छायाचित्रासाठी त्याला पुन्हा पुन्हा उडवले, तर उरलीसुरली शिदोरीही संपते. मोबाइलवर त्याच जातीचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलावणे तर टाळावेच. पाऊस थांबल्यानंतरचा पहिला तास सर्वांत उपयोगी असतो. पक्षी तेव्हा पंख वाळवायला आणि खायला उघड्यावर येतात. त्या वेळी लांबून, एका जागी थांबून पाहणे पुरेसे आहे.

नवरंगासारखा पक्षी स्थलांतरात थकून किंवा इमारतीला धडकून खाली पडलेला सापडू शकतो. त्याला हवेसाठी भोके असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा पक्षी घरी पाळता येत नाही.

आणि या सगळ्यानंतर तारीख, वेळ, ठिकाण आणि पाऊस किती होता, हे लिहून ठेवावे. किहीमच्या त्या पावसाळ्यात सलीम अली यांच्याकडे नोकरी नव्हती, पदवी नव्हती, पुढच्या वर्षाची खात्री नव्हती. एक झाड, त्यावरील सुगरणी आणि रोजची नोंद एवढेच होते. बदलापूरच्या गच्चीवरून तेवढे करायला आजही काही अडचण नाही.